ओळख करून देणारं यंत्र कोणाचं? कारखाना, दुकान आणि घर जोडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, नव्या पेठेत दुकान आणि ऑफिस, डिझाइनचं काम अशोक चौकाजवळच्या घरी. जेकार्डच्या (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या) फाइली आजवर पेनड्राइव्हने किंवा व्हॉट्सअ‍ॅपने कारखान्यात जातात आणि शेवटची फाइल कोणती यावरून घोळ होतो. बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी कॅटलॉगची चित्रं आता ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनतात. घरचा एक कॉम्प्युटर त्यासाठी रात्रभर राबतो, बाकीचे पाच बंद पडून असतात. विचारणारा तरुण म्हणतो, सर्व्हर घ्यायचा नाही, क्लाउडचं महिन्याचं भाडं भरायचं नाही. ओपन सोर्स पीअर-टू-पीअर (यंत्रांनी एकमेकांशी थेट बोलण्याच्या) प्लॅटफॉर्मवर फाइली आणि कॉम्प्युटरची ताकद दोन्ही वाटून घ्यायची आहे, तर कोणता घेऊ? वडिलांची शंका एकच: डिझाइन बाहेर तर जाणार नाही ना?

आधी उत्तर, मग कारणं. फाइलींसाठी सिंकथिंग वापरा. रेंडरिंगसाठी, म्हणजे ब्लेंडरची चित्रं तयार करून घेण्यासाठी, पीअर-टू-पीअरच्या मागे लागू नका, घरात एकाच स्विचवर असलेली यंत्रं फ्लॅमेंकोने जोडा. तिन्ही जागा एका खासगी नेटवर्कात आणायच्या असतील तर नेब्युला. तिन्ही खरोखरच ओपन सोर्स आहेत, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतात आणि परवान्यापोटी एक रुपया लागत नाही. आयपीएफएस या सार्वजनिक फाइल-जाळ्यावर मात्र डिझाइनं ठेवू नका. वडिलांची शंका तिथे खरी ठरते. ते पुढे येईलच.

आता तुमच्या ‘सर्व्हर नको’ या अटीबद्दल. पीअर-टू-पीअरमध्ये मधे कोणीच नसतं असा पुष्कळांचा समज असतो. दोन यंत्रं एकमेकांशी थेट बोलू लागल्यावर ते खरंही आहे, पण बोलणं सुरू व्हायच्या आधी नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरने कारखान्यातला कॉम्प्युटर इंटरनेटवर शोधायचा कसा? त्याचा पत्ता बदलत राहतो, आणि बऱ्याचदा तो पत्ता त्याचा एकट्याचा नसतोच. कोणीतरी ओळख करून द्यावी लागते. स्थळ सुचवणारा दोन घरांची गाठ घालून देतो आणि पुढची बोलणी घरं आपापसात करतात, तसंच हे. म्हणून कुठलाही पीअर-टू-पीअर प्लॅटफॉर्म समोर आला की मी आधी हे बघतो: ओळख करून देणारं यंत्र कोणाच्या मालकीचं आहे, ते बंद पडलं तर आपलं काय अडतं, आणि आपल्या मालातलं त्याला काय दिसतं. बाकीची वैशिष्ट्यं नंतर वाचली तरी चालतात.

या क्षेत्राचा पंचवीस वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरला आहे. १९९९ मध्ये नॅपस्टर आलं. गाणी लोकांच्या कॉम्प्युटरवर असायची, पण कोणाकडे कोणतं गाणं आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर. २००१ मध्ये कोर्टकचेरीनंतर ती यादी बंद झाली आणि लोकांच्या डिस्कवर गाणी असूनही सगळं जाळं थांबलं. २००० मध्ये आलेल्या ग्नुटेलाने यादीच काढून टाकली. प्रत्येकाने शेजाऱ्याला विचारायचं, शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याला. माणसं वाढली तशी त्या विचारण्याचीच गर्दी एवढी झाली की मंद लाइनवाले त्यातच अडकून पडले.

यावरचा टिकलेला तोडगा २००२ मध्ये पेतार मायमुनकोव्ह आणि डेव्हिड माझिएरेस यांनी मांडला. त्याचं नाव कॅडेमलिया. प्रत्येक नोडला, म्हणजे जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला, १६० बिटांचा एक आकडा मिळतो आणि दोन नोडमधलं ‘अंतर’ म्हणजे त्या दोन आकड्यांचा एक्सॉर (बिट एकाखाली एक मांडायचे, वेगळे तिथे १, सारखे तिथे ०). प्रत्यक्षात एक नोड सोलापुरात आणि दुसरा सिंगापुरात असला तरी हिशेबात ते शेजारी असू शकतात. प्रत्येक नोड आपल्या जवळच्यांना नीट ओळखतो आणि दूरच्यांपैकी मोजक्यांना. कोणाला शोधायचं असेल तर माहितीतल्या सगळ्यात जवळच्याला विचारायचं, तो त्याहून जवळचा सांगतो. दर पायरीला उरलेलं अंतर निदान निम्मं होतं, त्यामुळे दहा लाख नोडच्या जाळ्यातही साधारण वीस पायऱ्यांत पत्ता लागतो. इंजिनिअरिंगच्या ज्या विद्यार्थ्यांना पीअर-टू-पीअरवर प्रोजेक्ट करायचा आहे त्यांनी बाकी सगळं सोडून आधी हा एक्सॉरचा हिशेब वहीवर चार-चार बिटांचे आकडे घेऊन करून पाहावा. इतकी साधी आणि इतकी कामाची कल्पना या विषयात दुसरी नाही. बिटटॉरेंटने २००५ पासून हीच पद्धत घेतली, आयपीएफएसही तिच्यावरच उभं आहे.

पण इथेही पहिला शेजारी कोण, हे सांगावंच लागतं. नवा नोड जाळ्यात शिरताना त्याच्याकडे निदान एक ठाऊक पत्ता असावा लागतो, आणि तो पत्ता सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आत लिहून दिलेला असतो. म्हणजे ओळख करून देणारा नाहीसा झाला नाही, त्याचं काम फक्त आखूड झालं.

आता सोलापुरातल्या लाइनीकडे येऊ, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे. घरच्या राउटरचं पान उघडा आणि वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या टप्प्यात असेल तर तुमच्या कंपनीने तुमच्यासारख्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला आहे. याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात (नॅट म्हणजे एका पत्त्यामागे अनेक यंत्रं चालवायची सोय), आणि हा टप्पा त्यासाठीच २०१२ मध्ये राखून ठेवला गेला. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत एकूण पत्तेच सुमारे ४३० कोटी, ते पुरेनात म्हणून ही सोय. यात तुम्ही बाहेर जाऊ शकता, बाहेरून तुमच्यापर्यंत कोणी पोचू शकत नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून काही होत नाही, कारण दार तुमच्या घराचं नसून कंपनीच्या यंत्राचं आहे. यूट्यूबवरचे पोर्ट उघडण्याचे व्हिडिओ बघून लोक रविवार घालवतात आणि शेवटी सॉफ्टवेअरलाच दोष देतात.

यातून वाटा आहेत. दोन्ही यंत्रांनी एकाच वेळी एकमेकांच्या दिशेने पॅकेट पाठवली तर दोन्हीकडच्या नॅटला ती आलेली पॅकेट उत्तरासारखी वाटतात आणि आत सोडली जातात. बहुतेक पीअर-टू-पीअर प्लॅटफॉर्म हेच करतात. पण ‘एकाच वेळी, या पत्त्यावर’ हे दोघांना सांगणारा तिसरा लागतोच, आणि काही नॅट असे असतात की हा उपाय लागू पडत नाही. मग सगळा माल तिसऱ्या यंत्रामार्फत न्यावा लागतो. दुसरी वाट आयपीव्ही६, म्हणजे भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत. आपल्याकडे मोबाइल डेटावर तो सर्रास मिळतो आणि बऱ्याच फायबर लाइनींवरही असतो, फक्त राउटरमध्ये बंद ठेवलेला असतो. तिन्ही जागी चालू झाला तर नॅटचा हा अडसर राहत नाही, राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढी परवानगी द्यावी लागते.

आता सिंकथिंग. २०१३ पासूनचा प्रकल्प, गो भाषेत लिहिलेला, मोझिला पब्लिक लायसन्सखाली. प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचं प्रमाणपत्र आणि त्यावरून काढलेला सात-सात अक्षरांच्या आठ गटांचा आयडी मिळतो. घरच्या यंत्रात कारखान्याचा आयडी घालायचा, कारखान्याच्या यंत्रात घरचा. दोन्हीकडून होकार आल्याशिवाय एक बाइटही हलत नाही. एकाच लॅनवर (जागेतल्या आतल्या नेटवर्कवर) असली तर यंत्रं एकमेकांना आपणच शोधतात. बाहेर असली तर प्रकल्पाचे डिस्कव्हरी सर्व्हर पत्ता सांगतात, आणि थेट जोडणी जमलीच नाही तर स्वयंसेवकांनी चालवलेल्या रिलेमधून माल जातो. वर सांगितलेल्या कसोटीवर घासून बघा. डिस्कव्हरी सर्व्हरला तुमचा आयडी आणि पत्ता दिसतो, फाइली दिसत नाहीत. रिलेमधून जाणारा माल दोन टोकांमध्येच कुलूपबंद असतो, रिले चालवणाऱ्याला तो उघडता येत नाही. आणि ही दोन्ही यंत्रं तुम्हाला स्वतःची उभारता येतात, त्यांचा प्रोग्रॅमही खुला आहे. वडिलांना दाखवायला एवढं पुरे.

मांडणी मात्र विचार करून करा, कारण बहुतेक ठिकाणी घोटाळा इथेच होतो. फोल्डर तिन्हीकडे दुहेरी ठेवला आणि घरी डिझायनरने व कारखान्यात ऑपरेटरने एकाच दुपारी एकच फाइल बदलली, तर सिंकथिंग कोणाचंच काम फेकत नाही. एकाची फाइल मूळ नावाने राहते, दुसऱ्याच्या नावामागे ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख-वेळ लागते. मागावर कोणती चढवायची हा जुना घोळ तसाच राहतो. म्हणून तयार डिझाइनांचा फोल्डर वेगळा करा. घरच्या यंत्रावर तो ‘सेंड ओन्ली’, कारखान्याच्या यंत्रावर ‘रिसीव्ह ओन्ली’. कारखान्यात कोणी चुकून बदल केलाच तर तो बाकी कुठे जात नाही, पडद्यावर इशारा येतो आणि एका बटणाने मूळ स्थिती परत आणता येते. डिझायनरचं चालू काम या फोल्डरात टाकूच नका. पास झालेलं डिझाइनच तिथे जाईल, आणि तिथे आहे ते मागावर चढेल, एवढा नियम सगळ्यांना सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट: सिंकथिंग म्हणजे बॅकअप नव्हे. घरी फाइल डिलीट झाली की ती तिन्हीकडून जाते. जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय त्यात आहे, पण तिचा एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो. जुनी प्रत ठेवली जाते ती दुसरीकडून आलेल्या बदलामुळे फाइल बदलली किंवा पुसली गेली तरच. ज्या यंत्रावर तुम्ही स्वतः हाताने पुसलं, तिथे काहीच मागे उरत नाही. म्हणून ही सोय दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालू करा, घरच्या यंत्रावर तिच्या भरवशावर राहू नका. शिवाय महिन्यातून एकदा एका वेगळ्या डिस्कवर प्रत काढून ती डिस्क काढून ठेवा.

कारखान्यात वीज गेली तर काळजीचं कारण नाही. सिंकथिंग मोठी फाइल तुकड्यातुकड्यांत नेतं, प्रत्येक तुकड्याचा हॅश (मजकुरावरून काढलेली खूण) तपासतं, आणि वीज आल्यावर राहिलेले तुकडेच मागतं. अर्धवट फाइल मूळ नावाने कधीच दिसत नाही, म्हणून अर्धं डिझाइन मागावर चढण्याची भीती नाही. फक्त जेकार्डचा कंट्रोलर स्वतः इंटरनेटला जोडू नका. फाइल कारखान्याच्या कॉम्प्युटरपर्यंत येऊ द्या. तिथून पुढे कंट्रोलर नेटवर्कवरून घेत असेल तर आतल्या लॅनने, नाहीतर यूएसबीने. मागाच्या कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं अपडेट होत नाही, ते बाहेरच्या जगासमोर उघडं ठेवण्यात काहीच फायदा नाही.

फोनबद्दल एक सूचना. सिंकथिंगचं अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं. मुख्य प्रकल्प जोरात चालू आहे, अँड्रॉइडवर आता त्याच्या शाखांमधून निघालेली अ‍ॅप वापरली जातात. म्हणून फोनवर फाइल बघायची सोय हवी तर ठेवा, पण डिझाइनांची मुख्य प्रत फोनच्या भरवशावर नको.

फाइलींपलीकडे, म्हणजे घरून दुकानाचं अकाउंटिंग उघडायचं किंवा कारखान्याचे कॅमेरे बघायचे असतील, तर खासगी नेटवर्क लागेल. वायरगार्ड उत्तम आहे, २०२० पासून तो लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, पण तो ओळख करून देत नाही. निदान एका टोकाचा पत्ता बाहेरून गाठता येणारा हवा. टेलस्केल ते काम छान करतं, पण ओळख करून देणारा सर्व्हर त्यांच्या कंपनीचा आणि त्याचा प्रोग्रॅम बंद. त्याच्या जागी चालणारा हेडस्केल नावाचा खुला पर्याय आहे. झीरोटिअर घेण्यापूर्वी परवाना नीट वाचा. प्रोग्रॅम वाचायला मिळतो म्हणजे तो ओपन सोर्स होतोच असं नाही. मी तुम्हाला नेब्युला सुचवतो. स्लॅक कंपनीने स्वतःच्या गरजेतून बनवलं आणि २०१९ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुलं केलं. त्यात ‘लाइटहाउस’ नावाचा नोड असतो आणि तो फक्त कोण कुठे आहे एवढं सांगतो, पुढचा माल शक्य तिथे थेट जातो. जाळ्यात कोणाला घ्यायचं हे ठरवणारी प्रमाणपत्रं तुम्ही स्वतः काढता. लाइटहाउससाठी सार्वजनिक पत्ता असलेलं एक अगदी लहान यंत्र लागतं. भाड्याने सगळ्यात स्वस्त मिळतं तेही पुरतं. हे भाडं तुमच्या अटीत बसत नाही, मला कल्पना आहे. पण त्या यंत्रावर तुमची एकही फाइल नसते, ते उद्या दुसऱ्या कंपनीकडे हलवलं तरी काही अडत नाही. क्लाउडचं भाडं आणि हे भाडं यात हा फरक आहे.

आता कॉम्प्युटरची ताकद. इथे मी तुम्हाला पीअर-टू-पीअरपासून थोडं परावृत्त करणार आहे. जगातला सगळ्यात नावाजलेला वाटून घेतलेला हिशेब म्हणजे परग्रहावरच्या जीवांचे संकेत शोधणारा सेटी अ‍ॅट होम, मे १९९९ पासून मार्च २०२० पर्यंत चाललेला. त्यातून निघालेला बर्कले विद्यापीठाचा बॉइंक आजही ओपन सोर्स आहे आणि आइनस्टाइन अ‍ॅट होमसारखे प्रकल्प त्यावर चालतात. पण लाखो घरांतले कॉम्प्युटर जोडणाऱ्या या व्यवस्थेत घरांतली यंत्रं एकमेकांशी बोलतच नाहीत. सर्व्हर कामाचा तुकडा देतो, यंत्र उत्तर परत पाठवतं. अनोळखी यंत्रावर भरवसा नसल्याने तोच तुकडा बऱ्याचदा दोघांना देऊन उत्तरं जुळवून बघितली जातात. तुमची सहाही यंत्रं तुमचीच, मग ती उठाठेव कशाला?

ब्लेंडरचं काम वाटण्यासारखं आहे, कारण निळ्या टॉवेलच्या चित्राला हिरव्या टॉवेलच्या चित्राकडून काहीच हवं नसतं. फ्लॅमेंको हे ब्लेंडरवाल्यांचंच साधन. एका यंत्रावर मॅनेजर, बाकीच्यांवर वर्कर. एकाच लॅनवर असतील तर वर्कर मॅनेजरला आपणच शोधून काढतो. सगळ्या यंत्रांवर ब्लेंडरची आवृत्ती अगदी एकच ठेवा, नाहीतर तोच टॉवेल दोन चित्रांत दोन छटांचा दिसू शकतो आणि गिऱ्हाईक नमुना परत पाठवतं. आणि ब्लेंडरच्या फाइली व टेक्स्चर लॅनवरच्या शेअर केलेल्या फोल्डरात ठेवा, सिंकथिंगच्या फोल्डरात नको. वर्करला काम मिळतं तेव्हा टेक्स्चर त्याच्याकडे येऊन पोचलंय की अजून वाटेत आहे, हे फ्लॅमेंकोला कळायचा मार्ग नसतो. अर्धी चित्रं पांढऱ्या टॉवेलांची निघतील. दुकानातले कॉम्प्युटर या कामात घेऊच नका; टेक्स्चर वर चढवण्यात जो वेळ जाईल त्यात घरच्या यंत्रांचं काम उरकलेलं असेल.

वीज धरून हिशेब करा. दोनशे वॅट खाणारी पाच यंत्रं आठ तास चालली तर एका रात्रीत आठ युनिट जातात. आणि मे महिन्यात आपल्याकडे दिवसा पारा चाळिसाच्या वर असतो, भिंती मध्यरात्रीपर्यंत तापलेल्या असतात. बंद खोलीत पाच यंत्रं पूर्ण ताकदीने चालवली तर प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, वीज जाते आणि चित्रं हवी तितकी होत नाहीत. उन्हाळ्यात काम रात्री एकनंतर लावा आणि खिडकी उघडी ठेवा.

खरोखर पीअर-टू-पीअर पद्धतीने गणना करणारी साधनंही आहेत. २०२२ मधलं पेटल्स बघण्यासारखं आहे. ब्लूम नावाचं १७६ अब्ज पॅरामीटरचं भाषेचं मॉडेल घरच्या एका साध्या कॉम्प्युटरमध्ये मावत नाही, म्हणून त्याचे थर जगभरातल्या स्वयंसेवकांच्या यंत्रांवर वाटले जातात आणि तुमचं वाक्य एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जात पुरं होतं. मोठ्या कंपन्यांच्या हातातली ताकद चार सामान्य माणसांनी मिळून उभी करता येते, याचा इतका स्पष्ट पुरावा बघून मला मनापासून आनंद होतो. पण मधल्या अनोळखी यंत्रांना तुमचा मजकूर ओळखता येऊ शकतो, म्हणून धंद्याची माहिती त्यात घालायची नाही.

त्याच कारणाने आयपीएफएस नको. त्यात फाइलचा पत्ता तिच्या मजकुराच्या हॅशवरून ठरतो, ही कल्पना सुंदर आहे. पण आपोआप कुलूप लागत नाही. सार्वजनिक जाळ्यात टाकलेली फाइल, पत्ता हाती लागलेला कोणीही उचलू शकतो. एकदा दुसऱ्याने प्रत घेतली की परत मागता येत नाही. उलट कोणीच ती मुद्दाम जपून (पिन करून) ठेवली नाही तर नाहीशीही होते. नक्कल लगेच बाजारात येणाऱ्या आपल्या धंद्यात वडिलांचं म्हणणं इथे शंभर टक्के बरोबर आहे.

पुढे कधी स्वतःच प्रोग्रॅम लिहावासा वाटला तर लिबपीटूपीपासून सुरुवात करा. आयपीएफएसमधून वेगळी निघालेली ही लायब्ररी गो, रस्ट आणि जावास्क्रिप्टमध्ये आहे आणि इथेरिअमचं जाळंही तिच्यावर चालतं. मात्र प्लॅटफॉर्म निवडताना परवान्याइतकंच माणसांकडे बघा. सन मायक्रोसिस्टिम्सने २००१ मध्ये जेएक्सटीए नावाचा खुला पीअर-टू-पीअर प्रकल्प काढला होता, ओळख करून देणाऱ्या नोडचा विचार त्यात फार नीट केला होता. २०१० मध्ये ओरॅकलने सन घेतली आणि त्याच वर्षी या प्रकल्पातून अंग काढलं. कोड खुलाच राहिला, सांभाळणारं मागे कोणी उरलं नाही. शेवटची आवृत्ती कधी आली आणि किती जण काम करतायत, हे पाच मिनिटांत कळतं.

सुरुवात घर आणि कारखाना या दोनच यंत्रांनी करा, दुकान नंतर. त्याआधी तिन्ही राउटरवर वॅनचा पत्ता वर सांगितलेल्या १००.६४ ते १००.१२७ च्या टप्प्यात आहे का आणि आयपीव्ही६ चालू आहे का, ते बघून कळवा. त्यावरून लाइटहाउस घरीच ठेवता येईल की भाड्याचं यंत्र लागेल, हे सांगता येईल.